चीनमध्ये इंग्रजी शिकवायला जायचंय? आधी फाईल उघडा

महिन्यातून एखादा तरी फोन येतो. "ताई, माझं इंग्रजी चांगलं आहे, शिकवायची आवड आहे, चीनमध्ये पगार बरा मिळतो म्हणतात. काय करावं लागेल?" मी इंग्रजीबद्दल काहीच विचारत नाही. पासपोर्ट कुठला, पदवी कशातली आणि पदवीच्या कागदावर नाव कसं छापलंय, एवढे तीन प्रश्न विचारते. पहिल्या दोन प्रश्नांवरच बरेच फोन संपतात. तिसरा प्रश्न लोकांना चेष्टा वाटतो. माझे मात्र अडीच महिने त्याच प्रश्नात गेले.

माझं म्हणाल तर पुण्यातून इंग्रजीत एम.ए., मग बी.एड., मग इंग्लंडमध्ये एक वर्षाची मास्टर्स, आणि त्यानंतर हूनान प्रांतातल्या छांगशा शहरात चार वर्षं शाळेत शिकवणं. पुढचं सगळं त्या अनुभवातून आणि तिथे भेटलेल्या इतर वायज्याओंच्या अनुभवातून आलेलं आहे. वायज्याओ म्हणजे परदेशी शिक्षक. हा शब्द आत्ताच पाठ करून ठेवा, तिकडे तुमच्या नावापेक्षा जास्त वेळा तो कानावर पडेल.

पहिली पायरी: आपण कुठल्या रांगेत आहोत ते बघा

चीनचा नियम असा आहे की परदेशी भाषाशिक्षकाने तत्त्वतः आपल्या देशाची मातृभाषा शिकवावी. सोबत किमान पदवी आणि भाषा शिकवण्याचा २ वर्षांचा अनुभव हवा. पदवी शिक्षणशास्त्रातली किंवा भाषेतली असेल, मायदेशातला शिक्षक परवाना असेल, किंवा भाषा शिकवण्याचं मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असेल, तर अनुभवाची अट सुटते. वयाची मर्यादा साधारण ६०.

घोडं अडतं ते 'मातृभाषा' या शब्दावर. इंग्रजीच्या बाबतीत प्रत्यक्षात सात देशांचे पासपोर्ट धरले जातात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्या यादीत नाही. तुम्ही बालवाडीपासून कॉन्व्हेंटात शिकलात, स्वप्नंसुद्धा इंग्रजीत पडतात, याला तिथल्या परवाना कार्यालयाच्या खिडकीवर काडीची किंमत नाही. खिडकीमागची बाई पासपोर्टचं मुखपृष्ठ बघते.

म्हणजे दार बंद का? पूर्ण नाही. 'तत्त्वतः' या शब्दात थोडी फट आहे, आणि ती प्रत्येक प्रांतात, कधीकधी शहराशहरात वेगळी. बीजिंग आणि शांघायमध्ये ती जवळजवळ नाहीच असं समजून चाला. आतल्या प्रांतांमध्ये बी.एड. किंवा इंग्रजी साहित्याची पदवी, वर त्या सातांपैकी एखाद्या देशातल्या विद्यापीठाची पदवी, असं असेल तर कामाचा परवाना निघाल्याची उदाहरणं आहेत. मी त्यातलंच एक. पण त्याच वर्षी माझ्यासारखीच कागदपत्रं असलेल्या एका केनियन मैत्रिणीला शेजारच्या प्रांतात नकार आला. म्हणून शाळेला पहिल्याच पत्रात विचारायचं: "भारतीय पासपोर्टवर तुम्ही याआधी कोणाचा परवाना काढला आहे का?" उत्तरात 'हो' किंवा 'नाही' येण्याऐवजी 'काळजी करू नका' आलं, की काळजी करायला लागा.

दुसरी वाट विषयशिक्षकाची. केंब्रिजचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळा गणित, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र, कॉम्प्युटर हे विषय इंग्रजीतून शिकवायला माणसं घेतात. तिथे मातृभाषेची अट लागत नाही. विषयातली पदवी, बी.एड. आणि दोन-तीन वर्षांचा वर्गातला अनुभव बघतात. माझ्या ओळखीतले चीनमध्ये नीट स्थिरावलेले बहुतेक भारतीय शिक्षक याच वाटेने आलेले आहेत, आणि पगारही आम्हा इंग्रजीवाल्यांपेक्षा जास्त घेतात. बी.एस्सी., बी.एड. झालेल्यांनी इंग्रजीच्या मागे लागण्याआधी इकडे बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा गट लेस्टर, न्यू जर्सी किंवा मेलबर्नला वाढलेल्या मराठी मुलामुलींचा. तुमचा पासपोर्ट यादीतला, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. शाळेच्या दृष्टीने मिटेलच असं नाही. काही शाळांना, खरं तर तिथल्या काही पालकांना, वायज्याओ म्हटलं की गोरा चेहराच दिसतो. फोटो मागवून मग गप्प बसणारे महाभाग भेटतील. चार जागी अर्ज करायचा असेल तर दहा जागी करा, आणि मनाला लावून घेऊ नका, एवढंच सांगता येतं.

चौथी एक वाट आहे, ती वाट नव्हेच. "बिझनेस व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून देतो." "विद्यार्थी व्हिसा काढा, शिकवण्या करा." मलाही पहिल्या वर्षी एका एजंटाने हे ऐकवलं होतं, आणि इतक्या गोड आवाजात की क्षणभर खरं वाटलं. कामाचा व्हिसा फक्त झेड. बाकी कुठल्याही व्हिसावर पगार घेतलात तर ते बेकायदेशीर काम. त्याला ५,००० ते २०,००० युआन दंड आहे, आणि प्रकरण गंभीर ठरलं तर ५ ते १५ दिवस कोठडीही. पुढे हद्दपारीची टांगती तलवार. अशा शिक्षकाला तिकडे 'हेइ वायज्याओ' म्हणतात, शब्दशः 'काळा परदेशी शिक्षक'. त्यात कातडीचा संबंध नाही, काळाबाजारातला 'काळा' आहे तो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी आधी माझ्या हाताकडे बघितलं होतं.

दुसरी पायरी: कागद, आणि इथे घाई चालत नाही

नोकरी शोधायच्या आधी कागद सुरू करा. उलटं केलंत तर शाळा सप्टेंबरमध्ये उघडेल आणि तुम्ही ऑक्टोबरमध्ये मंत्रालयाच्या बाहेर चहा पीत असाल.

लागतं काय? मूळ पदवी प्रमाणपत्र, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, अनुभवाची पत्रं, भाषा शिकवण्याचं किमान १२० तासांचं प्रमाणपत्र आणि वैद्यकीय तपासणीचा फॉर्म. यादी लहान दिसते. आता एकेक कागद हातात घेऊ.

पदवी. आपल्याकडे पुष्कळ जण पदवीदान समारंभाला जात नाहीत, फी भरून प्रमाणपत्र मागवत नाहीत, आणि मार्कशीट व पासिंग सर्टिफिकेटवर दहा वर्षं नोकरी करतात. चीनला पासिंग सर्टिफिकेट चालत नाही. विद्यापीठाचं खरं पदवी प्रमाणपत्र लागतं. नसेल तर आजच अर्ज करा.

आता नाव. माझ्या पदवीवर, आपल्या विद्यापीठांच्या रीतीप्रमाणे, आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. वर पदवी २०१४ च्या आधीची, म्हणजे तीवर पुणे विद्यापीठ. एम.ए. नंतरचं, तीवर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. आपल्या दृष्टीने यात गोंधळ कुठेच नाही. छांगशाच्या कार्यालयातल्या माणसाच्या दृष्टीने या दोन वेगवेगळ्या बायका होत्या, दोन वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या. शेवटी विवाह प्रमाणपत्र, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि विद्यापीठाच्या नामविस्ताराचा कागद, हे सगळं साक्षांकित आणि भाषांतरित करून पाठवावं लागलं. ते आधी करता आलं असतं. तुम्ही आधी करा. पासपोर्टचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर त्याच वेळी नाव जुळवून घ्या. आणि एकदा पासपोर्टवर जे नाव आहे, तेच स्पेलिंग, त्याच क्रमाने, प्रत्येक नव्या कागदावर. अनुभवपत्र देणाऱ्या मुख्याध्यापकांनी प्रेमाने 'सौ.' लावलं तर हात जोडून काढायला सांगा.

साक्षांकन. क्रम असा: नोटरी, मग राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग चीनचा वाणिज्य दूतावास. महाराष्ट्रातल्या माणसासाठी तो दूतावास मुंबईत आहे. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट हातात घेत नाही, नेमलेल्या एजन्सींमार्फत घेतं. इथे एक सापळा आहे आणि त्यात अगदी अनुभवी एजंटही पडतात. अपोस्टिल म्हणजे एकाच शिक्क्यावर कागद दुसऱ्या सदस्य देशात चालवून घेणारा आंतरराष्ट्रीय करार. चीन २०२३ च्या नोव्हेंबरपासून त्यात आहे, भारत आधीपासूनच आहे. त्यामुळे एजंट म्हणतो, "दोन्ही देश मेंबर आहेत, अपोस्टिल मारून देतो, काम झालं." पण चीनच्या प्रवेशाला भारताने हरकत घेतलेली असल्यामुळे भारत आणि चीन या दोघांमध्ये तो करार लागूच नाही. भारतीय कागदाला अजूनही जुन्या पद्धतीचं साक्षांकन आणि वर चिनी दूतावासाचा शिक्का लागतो. अपोस्टिलचा सुबक स्टिकर घेऊन गेलात तर परत पाठवतील. ज्यांची पदवी ब्रिटन-अमेरिकेतली आहे त्यांना मात्र अपोस्टिल चालतं, आणि ते त्या देशातच घ्यावं लागतं. माझ्या इंग्लंडच्या पदवीचं काम बसल्या जागी झालं, पुण्याच्या पदवीने मुंबईच्या चार फेऱ्या घेतल्या.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. पोलीस स्टेशनच्या पत्राने भागत नाही. ते सहा महिन्यांच्या आतलं लागतं, म्हणून सगळ्यात शेवटी काढा, पण त्यालाही दूतावासाचा शिक्का लागतो हे धरून. तुम्ही मागची काही वर्षं दुबईत किंवा दुसऱ्या देशात राहत असाल तर तिथलं क्लिअरन्स मागू शकतात.

मूळ कागद कुरियरने चीनला कधीही पाठवू नका. सुरुवातीला स्कॅन पुरतं. मूळ प्रती तुमच्यासोबत, हातातल्या बॅगेत, विमानात.

तिसरी पायरी: नोकऱ्या कुठल्या

आधी २०२१ च्या जुलैत काय घडलं ते माहीत हवं, नाहीतर जुने व्हिडिओ बघून फसाल. तोवर चीनमधलं इंग्रजीचं मोठं मार्केट म्हणजे खासगी क्लासेस आणि ऑनलाईन शिकवण्या. त्या महिन्यात सरकारने एक आदेश काढला, लोक त्याला 'दुहेरी कपात' म्हणतात: मुलांचा गृहपाठ कमी आणि शिकवण्या कमी. नववीपर्यंतच्या शालेय विषयांच्या शिकवण्यांमधून नफा कमवायला बंदी, शनिवार-रविवार आणि सुट्टीत त्या घ्यायला बंदी, आणि देशाबाहेर बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून मुलांना शिकवून घ्यायलाही बंदी. इंग्रजी हा शालेय विषय, त्यामुळे मोठमोठ्या कंपन्या काही आठवड्यांत आडव्या झाल्या. तेव्हा "घरबसल्या चिनी मुलांना शिकवा, डॉलरमध्ये कमवा" असं आज कोणी सांगत असेल तर तो जुनी पोस्ट ढकलतोय किंवा काहीतरी लपवतोय.

क्लासेस संपले मात्र नाहीत. काही मोठ्या माणसांना शिकवतात, काही 'नाट्य' आणि 'कला' असं नाव लावून तेच करतात. दुपारनंतर आणि शनिवार-रविवारी काम, सुट्टी मंगळवार-बुधवारी. पगार बरा, भरवसा कमी. पहिल्या नोकरीसाठी मी सुचवणार नाही.

बालवाड्यांमध्ये एकेकाळी नुसती झुंबड होती. आता तिथे मुलंच कमी झालीत. चीनमध्ये २०१६ साली सुमारे १ कोटी ७९ लाख बाळं जन्मली होती, २०२३ साली जेमतेम ९० लाख. हिशोब करा. बालवाड्या बंद पडतायत, आणि तीच लाट आता प्राथमिक शाळांकडे सरकतेय.

सरकारी शाळा ही नवख्यासाठी मला सगळ्यात बरी वाटते. आठवड्याला साधारण १६ ते २० तासिका, तासिका ४० किंवा ४५ मिनिटांची, शनिवार-रविवार सुट्टी. प्राथमिकला तिसरीपासून इंग्रजी सुरू होतं आणि विद्यापीठ प्रवेशाच्या गाओखाओ परीक्षेत इंग्रजीला १५० गुण असतात, त्यामुळे खरं व्याकरण-शब्दसंग्रहाचं काम चिनी शिक्षक करतात आणि वायज्याओने मुलांना बोलतं करायचं असतं. एका वर्गात चाळीस ते पन्नास मुलं. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या किंवा रयतच्या शाळेत शिकवलेल्या माणसाला यात काही वाटणार नाही. वीस मुलांच्या वर्गाची सवय असलेला कॅनेडियन सहकारी मात्र पहिल्या दिवशी पांढराफटक पडला होता.

विद्यापीठात तास कमी, १२ ते १६, आवारातच राहायला जागा, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात भरपूर सुट्टी, आणि पगार सगळ्यात कमी. पुस्तकं वाचायची आहेत, चिनी शिकायचं आहे, फिरायचं आहे, तर याच्यासारखी जागा नाही. आंतरराष्ट्रीय आणि द्विभाषिक शाळांचं वर आलंच.

आकडे शहरागणिक बदलतात, पण अंदाज यावा म्हणून: विद्यापीठात महिन्याला ८ ते १२ हजार युआन, छांगशासारख्या शहरात शाळेत १३ ते १८ हजार, शांघाय-शेनचेनमध्ये २० हजारांच्या पुढे, चांगल्या आंतरराष्ट्रीय शाळेत ३० हजारांकडे. २०२५ च्या अखेरीस एक युआन म्हणजे बारा-तेरा रुपये होते. गुणाकार करून हरखून जाण्याआधी शांघायचं घरभाडं विचारा.

चौथी पायरी: अर्ज आणि मुलाखत

वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होतं, दुसरं सत्र वसंतोत्सवानंतर, म्हणजे चिनी नववर्षानंतर, फेब्रुवारीअखेर. सप्टेंबरच्या जागांसाठी मार्चपासून बोलणी सुरू झाली पाहिजेत. वसंतोत्सवाच्या दोन आठवड्यांत कोणी उत्तर देत नाही. नकार समजू नका, सगळा देश गावाला गेलेला असतो.

एक अडचण फक्त आपली. चिनी शाळा सगळं वीचॅटवर बोलते आणि भारतात वीचॅटवर २०२० च्या जूनपासून बंदी आहे. पहिल्याच ईमेलमध्ये हे सांगून टाका आणि मुलाखत दुसऱ्या कशावर तरी ठरवा. त्यांना हे माहीत नसतं, आणि तुम्ही टाळताय असं वाटतं.

मुलाखतीत गप्पा दहा मिनिटं, मग नमुना पाठ. मला सांगितलं होतं, "सहा वर्षांची मुलं आहेत असं समजा, फळं शिकवा." पडद्यावर तीन गंभीर प्रौढ माणसं, त्यातले एक उपमुख्याध्यापक, टाय लावलेले. मी माझ्या बी.एड.च्या पाठ टाचणातली सगळी उद्दिष्टं, स्पष्टीकरण, फलक लेखन घेऊन बसले होते. दोन मिनिटांत लक्षात आलं, यांना ते नकोय. मग खुर्ची सोडली, स्वयंपाकघरातून आंबा आणला, नाकाशी धरला, डोळे मिटले, पुन्हा पुन्हा तोच शब्द, कधी कुजबुजून, कधी ओरडून. टायवाले उपमुख्याध्यापक तिसऱ्या वेळी माझ्यामागून "मँगो!" ओरडले. नोकरी तिथेच मिळाली. तात्पर्य काढायचं तर एवढंच की हातात वस्तू हवी, बोलणं कमी, हालचाल जास्त आणि समोरच्याच्या तोंडून शब्द निघाला पाहिजे.

तुम्हीही प्रश्न विचारा. आत्ता तिथे असलेल्या किंवा नुकत्याच सोडून गेलेल्या परदेशी शिक्षकाशी बोलायला द्या म्हणा. द्यायला का-कू करणारी शाळा सोडा. एजंटला स्वतःहून पैसे देऊ नका, चांगल्या एजंटाला पैसे शाळा देते.

पाचवी पायरी: करार

करारावरचं नाव आणि कामाच्या परवान्यावरचं नाव एकाच संस्थेचं हवं. परवाना त्या संस्थेपुरता असतो. शाळा 'अ' च्या परवान्यावर तुम्हाला शाळा 'ब' मध्ये शिकवायला पाठवलं तर पकडल्यावर अडचणीत तुम्ही येता. एजन्सी परवाना काढून तुम्हाला सरकारी शाळांत पाठवते, असा प्रकार सर्रास चालतो. त्यात शाळेचं नाव आणि पत्ता कुठे नमूद केलाय ते लेखी घ्या.

पगार करापूर्वीचा की करानंतरचा, तेही विचारा. चिनीत करानंतरच्या पगाराला 'श्वेइहौ' म्हणतात. महिन्याला पहिले ५,००० युआन करमुक्त, पुढे ३ टक्क्यांपासून चढत ४५ पर्यंत. विमा-पेन्शनची कपात वेगळी. ती देश सोडताना, निदान तुमच्या खात्यातली पेन्शनची रक्कम, परत मागता येते. पुष्कळ जण मागतच नाहीत.

तासिका किती, हे सगळे वाचतात. 'कार्यालयीन वेळ' हा शब्द माझ्या नजरेतून सुटला. आठवड्याला १८ तासिका म्हणून मी खूश होते. गेल्यावर कळलं, सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच शाळेत बसायचं, तासिका असो नसो. दुपारी दीड-दोन तास सगळे बाकावर डोकं टेकून झोपतात, शिक्षकसुद्धा, ती एक मेहेरबानी. सुट्टीत पगार मिळतो का, बाराही महिने की दहाच, हेही तिथेच ठरवून घ्या. घराची सोय की भाडेभत्ता, परतीच्या तिकिटाचे पैसे कधी, नोकरी सोडायची तर किती दिवसांची सूचना. दोन भाषांतल्या करारात तंटा झाला तर बहुधा चिनी मजकूर ग्राह्य धरतात, तेव्हा तो कोणाकडून तरी वाचून घ्या.

सहावी पायरी: व्हिसा आणि पहिले तीस दिवस

शाळा ऑनलाईन अर्ज करून कामाच्या परवान्याची सूचना काढते. ती हातात आली की मुंबईच्या व्हिसा केंद्रात झेड व्हिसाचा अर्ज. तो एका प्रवेशाचा असतो. थेट विमानं २०२० नंतर पाच वर्षं बंद होती, ती २०२५ च्या ऑक्टोबरअखेर कोलकाता-ग्वांगचौ मार्गापासून पुन्हा सुरू झाली. मुंबईहून हाँगकाँग किंवा बँकॉकमार्गे जाणंही सोयीचं पडतं.

उतरल्यावर घड्याळ सुरू होतं. २४ तासांत राहत्या जागेची नोंद पोलीस चौकीत, म्हणजे फायछूस्वोमध्ये. हॉटेलात राहिलात तर हॉटेल करतं, घरात राहिलात तर तुम्ही, घरमालक किंवा शाळेच्या माणसाला सोबत घेऊन. मी रात्री अकराला उतरले, दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेची मुलगी घेऊन गेली. चौकीत एक पोलीस नूडल्स खात होता. त्याने माझं नाव टाईप करायला घेतलं, तीन शब्द, त्यांच्या खिडकीत मावेनात. शेवटी आडनावाची शेवटची दोन अक्षरं गळली आणि मग बँकेत, मोबाईल कंपनीत, सगळीकडे निस्तरत बसले. कागद हातात घेऊन तिथल्या तिथे अक्षरं तपासा.

पंधरा दिवसांत कामाचा परवाना, तीस दिवसांत निवासी परवाना. आता परवान्याचं प्लास्टिक कार्ड मिळत नाही, २०२४ च्या डिसेंबरपासून ते सामाजिक विमा कार्डाला जोडलंय. मधे वैद्यकीय तपासणी. भारतात केली असली तरी तिकडे पुन्हा करायला सांगू शकतात: रक्त, एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी. कपडे बदलून नंबर हातात धरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, तासाभरात सगळं पार. सकाळी उपाशीपोटी जा. निवासी परवान्यासाठी पासपोर्ट काही दिवस पोलिसांकडे जमा राहतो, पावती मिळते. शाळेने मात्र पासपोर्ट "सुरक्षित ठेवतो" म्हटलं तर द्यायचा नाही.

घर, पैसे, आईचा फोन

व्हॉट्सॲप, गूगल, जीमेल चीनमध्ये चालत नाही. वीचॅट भारतात चालत नाही. म्हणजे तुम्ही तिकडे वीचॅटवर आणि आई इकडे व्हॉट्सॲपवर, मध्ये हिमालय. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू ठेवलंत तर त्यावर व्हॉट्सॲप चालतं, निदान सुरुवातीचे दिवस निभावतात. पुढची सोय काय ते निघायच्या आधी ठरवा, पोहोचल्यावर ते ॲप उतरवून घेणंच अवघड होतं. बँकेचे ओटीपी भारतीय नंबरवर येतात, तो बंद पडू देऊ नका. आणि बँकेला अनिवासी झाल्याचं कळवून एनआरई खातं उघडून घ्या. पगार चिनी बँकेत जमा होतो. तो बाहेर पाठवताना कर भरल्याचा दाखला मागतात, म्हणून दर महिन्याची पगारपावती जपा.

नोटा कोणी घेत नाही. भाजीवालीसुद्धा क्यूआर कोड पुढे करते, ते आपल्याला नवीन नाही.

जेवणाचं म्हणाल तर हूनान म्हणजे चीनचं कोल्हापूर. तिथली ठेचलेली आंबवलेली लाल मिरची माझ्या डब्यात ठेच्याच्या जागी बसली. शाकाहारींना मात्र सांगते, 'मांस नको' म्हटलं की 'बरं' म्हणून भाजीवर खिम्याचे चार दाणे टाकतात, त्यांच्या हिशोबी ते मांस नसतं. बुद्धविहारांजवळची शाकाहारी खानावळ शोधून ठेवा.

वर्गात

प्रत्येक वर्गाला एक बानजूरेन, वर्गशिक्षक, असते. मुलं तुम्हाला हसतील, तिला घाबरतील. पहिल्या आठवड्यात तिच्याशी मैत्री केलीत तर निम्मं काम झालं. कुंगखायख म्हणजे खुला पाठ, त्याला मागे मुख्याध्यापक आणि बाहेरचे शिक्षक वह्या घेऊन बसतात. त्याची वर्दी कधीकधी आदल्या दिवशी मिळते. आणि थ्याओश्यू नावाचा प्रकार आहे: ऑक्टोबरच्या मोठ्या सुट्टीला जोडून दिवस मिळतात, पण त्याबदल्यात आधीच्या किंवा नंतरच्या शनिवार-रविवारी शाळा भरते. रविवारी मंगळवारचं वेळापत्रक. मी पहिल्या वर्षी चक्क झोपून राहिले होते.

भारताबद्दल मुलं आमिर खानचं विचारतात, त्याला ती 'मी काका' म्हणतात ('मी' हे आमिरच्या चिनी नावातलं अक्षर). जुन्या पिढीतले शिक्षक मात्र दुसरंच नाव घेतात. माझ्या शाळेतल्या निवृत्तीला आलेल्या इतिहासाच्या गुरुजींनी विचारलं, "भारतात कुठल्या?" मी महाराष्ट्र म्हटलं, त्यांना बोध होईना. सोलापूर म्हटल्यावर ते उठून उभे राहिले. "ख दीह्वा!" डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचा तो डॉक्टर १९३८ साली चीन-जपान युद्धात जखमींची सेवा करायला गेला आणि १९४२ साली, बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच वारला. शिज्याच्वांगला त्यांची समाधी आहे. त्या दिवसापासून गुरुजी दर सोमवारी माझ्या टेबलावर एक संत्रं ठेवायचे.

नोकरी सोडताना

हे आत्ताच वाचून ठेवा, नंतर उशीर होतो. शाळा बदलायची असो की घरी परतायचं असो, जुन्या संस्थेकडून दोन कागद घ्यावेच लागतात. एक, नोकरी सोडल्याचा दाखला, लीजी जंगमिंग. दुसरा, तुमचा कामाचा परवाना रद्द केल्याचा कागद. हे दोन नसतील तर नव्या शाळेला नवा परवाना काढता येत नाही, आणि रागावलेली शाळा नेमकं इथेच अडवते. म्हणून राजीनामा लेखी, कराराप्रमाणे तीस दिवस आधी, भांडण न करता. माझ्या एका फिलिपिनो सहकाऱ्याने सत्राच्या मध्यात वैतागून रातोरात शहर सोडलं. वर्षभराने दुसऱ्या प्रांतात चांगली नोकरी चालून आली, आणि जुन्या शाळेच्या एका शिक्क्यासाठी तो रेल्वेने नऊ तास प्रवास करून छांगशाला आला. हिशेबनीस बाईंसाठी मिठाईचा डबा घेऊन.

शिक्का मिळाला. डबा बाईंनी आधी उघडून बघितला.